श्रीखंडाच्या डब्याची पत्ती

"गरम पाण्याची लाइन करताय का?" पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानदाराने विचारलं. तीन फूट अर्धा इंची सीपीव्हीसी, एक पाऊण-अर्धा रिड्युसर, एक एंड कॅप. म्हटलं, "नाही, वाजवायचाय." त्याने एकदा पाइपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि एंड कॅपचे पैसे लावायलाच विसरला. बोहरी आळीत असं फारसं होत नाही.

तर प्रकरण असं. आयर्लंडच्या इलन पाइप्सनी, म्हणजे तिथल्या मशकवाद्याने, मला बरीच वर्षं छळलंय. लष्करी बँडमध्ये दिसते ती स्कॉटिश मशक. ती उभ्याने, मैदानात, तोंडाने फुंकायची. हे वाद्य खोलीत बसून वाजवतात. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली पिशवी, आणि 'इलन' या नावातच कोपर आहे. हवा भात्यातून येते, म्हणजे कोरडी; पत्तीला, म्हणजे कंप पावून आवाज काढणाऱ्या पातीला, थुंकी लागत नाही. बोटं ज्या नळीवर फिरतात तो चँटर. नुसता भाता, पिशवी आणि चँटर असा शिकाऊ संच मागवायचा म्हटलं तरी लाखभर रुपये जातात. हा आकडा घरात अजून सांगितलेला नाही. आधी बोटं बसतात का बघू, म्हणून हा पाइप.

भोसरीच्या टूलरूममध्ये २६ वर्षं काढल्यावर पाइपला भोकं पाडणं म्हणजे काय! खरं रडवलं ते पत्तीने. सनईसारखीच दुहेरी पत्ती. मूळ वाद्यात ती अरुंडो डोनॅक्स या गवताच्या नळीतून काढतात. मी हुशारीने अप्पा बळवंत चौकातून बोरू आणले. पण पत्तीसाठी नळी इंचभर जाड लागते, तेव्हा कुठे काप सपाट येतो. बोरू करंगळीएवढा, त्याचा काप पन्हळीसारखा. चार बोरू फुकट गेले, आता भाचीचं सुलेखन चाललंय त्यावर.

शेवटी फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा कामी आला. झाकण नाही, ते फार मऊ. डब्याची उभी भिंत. तिच्यातून अकरा मिलिमीटर रुंदीच्या, शेपटीकडे निमुळत्या दोन पट्ट्या कापल्या. मधे घालायला पितळी नळी हवी होती, ती ट्रान्झिस्टरच्या जुन्या अँटेनातून काढली. तिचं वरचं तोंड पक्कडीने हलकेच दाबून लंबगोल केलं, दोन्ही पट्ट्या मेण लावलेल्या दोऱ्याने तिच्यावर आवळल्या, कडेने हवा जात होती तिथे टेफलॉन टेप. वर तांब्याच्या तारेचं कडं. ते चिमटीत दाबलं की पत्तीचं तोंड मिटतं, दुसऱ्या बाजूने दाबलं की उघडतं. तोंड मिलिमीटरभर उघडं राहिलं पाहिजे. जास्त उघडलं की फुंकून छाती भरून येते, कमी पडलं की आवाज गळा दाबल्यासारखा. या एका कड्याशी मी दोन रविवार खेळलो. पहिला आवाज निघाला तो गणपतीत पोरं वाजवतात त्या पिपाणीचा, पण निघाला.

पत्ती रबरी बुचात, बूच पाइपात, आणि वर पाऊण इंची तुकड्याची टोपी, म्हणजे पत्तीला ओठ लागत नाहीत. एंड कॅपला भोक पाडून त्यात फुंकायची नळी.

खालचा सूर पेटीवरची पांढरी दोन हवा, साधारण २९४ हर्ट्झ. गणित करून २९ सेंटिमीटर पाइप कापला आणि वाजली पांढरी एक. पत्ती आणि तिची नळी हीसुद्धा लांबीतच धरायची असते, हे पाइप कापल्यावर आठवलं. सुदैवाने लांब होता, आखूड नव्हता. थोडा थोडा कापत २५ वर आणला. मग खालून वर एकेक भोक: आधी बारीक ड्रिल, मग गोल कानस, आणि शेजारी मोबाइलवर ट्यूनर. भोक मोठं केलं की सूर चढतो, हे माहीत असूनही गंधार चढवून बसलो. तिथे आता एम-सील आहे.

एक गोष्ट मात्र अस्सल जमली. सगळी भोकं बंद करून चँटरचं खालचं तोंड मांडीवर टेकवलं की आवाज गप्प. म्हणून हे पाइपर लोक स्वर कात्रीने कापल्यासारखे तोडून वाजवू शकतात. मांडीवर चामड्याचा तुकडा लागतो. माझा जुन्या कोल्हापुरीचा आहे.

मग वरचं सप्तक. खऱ्या चँटरवर हवेचा दाब वाढवला की तोच स्वर तार सप्तकात जातो. मी जीव खाऊन फुंकलं, तर तार षड्जाऐवजी थेट तार पंचम! पुन्हा केलं, पुन्हा पंचम. पत्ती बदलली, तरी पंचम. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांनी लग्नांत सनई वाजवण्यात हयात घालवली आहे.

"काय रे, सकाळपासून कोणाचा गळा आवळतोयस?"

मी पंचमाचं दुखणं सांगितलं. त्यांनी पाइप हातात घेऊन दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला. "सरळ आहे की हा. सनई कधी सरळ बघितलीस?"

विषय संपला. एका बाजूने बंद असलेली सरळ नळी सप्तक ओलांडून पंचमावरच उडते, क्लॅरिनेटचंही तेच. निमुळती असेल तरच सा वरून सा. खरा चँटर ३६ सेंटिमीटरच्या आसपास, आतून वरती पाचेक मिलिमीटर, खाली बारा-तेरा. तसा बोअर, म्हणजे आतली पोकळी, रीमर या निमुळत्या कापणीच्या हत्याराशिवाय होणार नाही, आणि लाकडात रीमर चालवायला लेथ हवं, जे मी निवृत्त होताना कंपनीत सोडून आलो.

पण अँटेना एकात एक सरकते ना! पायऱ्यापायऱ्यांचा का होईना, निमुळता बोअर. जुन्या बाजारातून तीन अँटेना आणल्या. "रेडिओ कुठला आहे?" असं विकणाऱ्याने विचारलं, त्याला काय सांगणार. पाचपासून साडेसातपर्यंतच्या नळ्या त्यात निघाल्या. पुढच्या अजून हव्यात. काकांनी सायकलचा जुना पंप दिलाय, दांडा पोकळ आहे. व्हर्नियर लावून बघितलं, आतून साडेनऊ भरतो.