मामांची पिशवी

ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागांची छाटणी ऐन भरात असते आणि दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी त्या दिवसांत दुखणे अंगावर काढतात. म्हणूनच त्या मंगळवारी संध्याकाळी नाशिकमधील आमच्या रक्तपेढीच्या दारात एकाच घरातील अकरा माणसे उभी दिसली, तेव्हा प्रकरण गंभीर असल्याचे मी ओळखले. नऊ वर्षांच्या मुलाचे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, सहा हजारांवर आले होते, नाकातून येणारे रक्त थांबत नव्हते आणि या वेळच्या मागणीपत्रावर निदान स्पष्ट लिहिलेले होते: तीव्र अप्लास्टिक अॅनिमिया, मज्जा प्रत्यारोपण नियोजित.

‘या वेळच्या’ असे म्हणते, कारण नऊ दिवसांपूर्वी याच मुलासाठी आलेल्या मागणीपत्रात निदानाच्या रकान्यात ‘हिमोग्लोबिन कमी’ एवढेच होते. हे पत्र भरण्याचे काम सर्वांत नवख्या निवासी डॉक्टरवर ढकलले जाते आणि वरिष्ठ त्यावर न पाहता सही करतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. मुलाचे मामा त्या दिवशी येवल्याहून पहिल्या एसटीने आले होते. एरवी नातेवाइकांची पिशवी आम्ही साठ्यात जमा करतो आणि रुग्णाला दुसऱ्या दात्याची देतो; पण ‘परक्याचे नको, घरचेच द्या’ असा त्यांचा आग्रह होता, तपासण्या निर्दोष होत्या, क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचे रक्त एकत्र करून पाहण्याची चाचणी, जुळला होता. मी मामांची पिशवी भाच्याच्या नावे दिली. एक फोन करून निदान विचारले असते, तर दिली नसती.

अप्लास्टिक अॅनिमियात हाडांतील मज्जा रक्तपेशी बनवणेच जवळजवळ थांबवते आणि मुलांमध्ये जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जेचे प्रत्यारोपण हा पहिल्या पसंतीचा उपचार असतो. अशा रुग्णाला रक्ताच्या नातेवाइकाचे रक्त प्रत्यारोपणापूर्वी देऊ नये, कारण त्यांच्या पेशींवरील जे घटक मुलाच्या अंगात नाहीत, ते दात्या भावंडात असू शकतात. मुलाच्या प्रतिकारशक्तीने ते एकदा ओळखले, की पुढे तीच नवी मज्जा झिडकारण्याची शक्यता वाढते.

त्या संध्याकाळी अकराही जण बाह्या सरसावून बसले होते आणि मी त्यांना नाही म्हणत होते. मुलाची आई पुढे आली.

“ताई, आमचं रक्त चालत नाही म्हणता, मग पोरीची मज्जा कशी चालणार?”

तिची बारा वर्षांची मुलगी शेजारीच उभी होती. पेशींवरील ओळखीचे घटक भावाशी जुळतात का, हे पाहणाऱ्या तिच्या एचएलए तपासणीचा नमुना मुंबईला गेला होता. इतका नेमका प्रश्न मला कुणा डॉक्टरनेही कधी विचारलेला नाही. मी म्हणाले, “तिची मज्जा चालावी, म्हणूनच आत्ता तुमचं रक्त नको.” सख्ख्या भावंडांचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, हेही सांगितले. वडिलांनी लगेच विचारले, “नाहीच जुळलं तर?” मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली देशातील पहिले मज्जा प्रत्यारोपण झाले, त्या काळी या प्रश्नाला जवळजवळ उत्तरच नव्हते. आता अर्धे जुळणारे आई-वडीलही दाते होऊ शकतात. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन दात्याच्या बंडखोर पेशींना आवर घालता येतो. पण मुलाच्या रक्तात आईविरुद्धची प्रतिपिंडे आधीच तयार झालेली असली, तर ती वाटही अवघड होते. हे ऐकल्यावर आईने वर सारलेली बाही हळूहळू मनगटापर्यंत ओढून घेतली.

आमच्या यादीतील एक नियमित दाता सातपूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आला. फक्त प्लेटलेट वेगळे काढून बाकीचे रक्त परत देणाऱ्या एफेरेसिस यंत्रावर सव्वा तास बसून त्याने प्लेटलेट दिले. पिशवी मी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हलवली. प्लेटलेट जिवंत, धडधाकट असले की पिवळसर द्रवात रेशमी भोवरे उठतात, तसे ते उठले. मग ती विकिरणासाठी, म्हणजे किरणांनी दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी निष्प्रभ करण्यासाठी, दुसऱ्या केंद्रात पाठवली, कारण त्या अशा मुलाच्या शरीरावरच उलटू शकतात. आमच्याकडे ते यंत्र नाही. रात्री साडेअकराला पिशवी मुलाच्या खाटेपाशी पोहोचली आणि पहाटे नाकातील रक्त थांबले.

बहीण पूर्ण जुळली. प्रत्यारोपण मुंबईत झाले. त्यानंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पाचशेच्या वर जाण्याची, म्हणजे नवी मज्जा रुजण्याची, वाट पाहत मी रोज त्याच्या वडिलांना फोन करत होते. विसावा दिवस गेला, बाविसावा गेला. सव्विसाव्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला, पाचशे चाळीस, आणि पुढचे दोन दिवस तो टिकला.

हा उशीर मामांच्या पिशवीमुळे झाला का, हे मी तेथील डॉक्टरांना विचारले. उशीर कशानेही होऊ शकतो, एका पिशवीवर बोट ठेवता येणार नाही, असे ते म्हणाले. मामांना मी यातले काही सांगितलेले नाही. ते दर तीन महिन्यांनी येवल्याहून येऊन रक्त देतात आणि पिशवी कुणाला गेली, असे मला विचारतात.