माग चालू असताना

आमच्याकडे कुणी मुक्कामाला येणार असलं की बायको आधीच सांगून ठेवते, "हे दाराशी झोपतात, त्यांना आत झोपायचा आग्रह करू नका." पाहुणे हसतात, कुणाला वाटतं घोरत असेन, कुणाला वाटतं उकडत असेल. मी खुलासा करत बसत नाही. आता इथे करतो, कारण गेल्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंनी विचारलं की त्यांच्याकडे राहायला आलेला भाचा कुणाशी बोलत नाही, त्याला बोलतं कसं करायचं. मुलाची आई अपघातात गेली आहे. फोनवर मला काही धड सांगता आलं नाही. लिहिलं तर जमेल कदाचित.

मी किल्लारीच्या बाजूचा, औसा तालुक्यातला. एवढं सांगितलं की माझ्या वयाच्या माणसांना पुढचं सांगावं लागत नाही. नंतर जन्मलेल्यांसाठी: 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. 52 गावं जुन्या जागेवरून उठवून दुसरीकडे वसवावी लागली. भूकंप फार मोठा होता अशातला भाग नाही, घरं तशी होती. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचं धाबं. उन्हाळ्यात आत गार वाटायचं, म्हणून सगळे खूश. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून धाब्यावर आणखी माती पडायची, म्हणजे डोक्यावरचं वजन दरसाल वाढतच होतं. आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हादरे बसले होते, जमिनीतून गुडगुड यायची. माणसं काही दिवस बाहेर झोपली, मग थंडी पडली आणि आत गेली. सरकारी नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाहून उशिरा परत आलो आणि आम्ही चार-पाच पोरं मंडपातच आडवी झालो. आई बोलवायला आली होती. मी झोपेचं सोंग घेतलं. कापडाचा मंडप अंगावर पडला तरी काय होतं? आई, आजी आणि धाकटी बहीण घरात होत्या. आप्पा शेतावर होते. मी आठ वर्षांचा होतो. याहून जास्त इथे लिहीत नाही.

पुढे पाऊस, तंबू, पत्र्याचे शेड, गाड्या भरून आलेले लोकांचे कपडे. आणि विचारणारी माणसं. भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यात माझ्या वर्गातलीही काही होती. मी त्यांच्यात गेलो नाही, मामा येऊन मला सोलापूरला घेऊन गेला. पुण्याला गेलेली पोरं निदान एकमेकांना ओळखत होती. सोलापुरात मी एकटाच 'तसा' होतो.

मामी मायाळू होती, पण तिला माझी ओळख करून देण्याचा सोस होता. कुणीही आलं की, "हे ते बरं का, किल्लारीचं पोर." मग आलेली बाई डोळ्याला पदर लावायची, माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि विचारायची, "तू कसा रे वाचलास?" गणपतीनं वाचवलं, असं मामीच परस्पर सांगायची. मला आत कुठेतरी आग लागायची. गणपतीनं मला वाचवलं, तर बाकीच्यांच्या बाबतीत तो काय करत होता? शाळेतही दर 30 सप्टेंबरला एक शिक्षक मला उभं करायचे आणि वर्ग दोन मिनिटं शांत उभा राहायचा, माझ्याकडे बघत. हेतू वाईट नव्हता. पण ती दोन मिनिटं येणार म्हणून मी गणपती बसल्यापासून आजारी पडायला लागायचो. (पुढे भूकंपग्रस्ताचा दाखला नोकरीच्या अर्जाला जोडला, तेव्हा त्याचा उपयोग झाला हेही कबूल करतो. कागदानं निदान डोक्यावरून हात फिरवला नाही.)

मी बोलणंच कमी केलं. पोरांनी नाव ठेवलं 'मुक्या'. वर्गात खिडकीशी न बसता दाराशी बसायचो, पंखा हलतोय का छत, हे बघत. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की पाय आपोआप बाकाबाहेर यायचे. रात्री मामाच्या खोलीबाहेर, जिन्याखाली झोपायचो. पाऊस आला की बसून राहायचो.

आठवीत, म्हणजे 1998 च्या जूनमध्ये, माझ्या बाकावर बीम येऊन बसला. खरं नाव लिहीत नाही, तो चिडेल. मागाला लागतो तो बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला जाडजूड रूळ, यावरून बांधा समजून घ्या. पद्मशाली, म्हणजे विणकरांच्या समाजातला, घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी, दर वाक्याला एक 'बे'. त्याला बीजगणित येत नव्हतं आणि मला येत होतं, मैत्रीचं मूळ कारण हे. दुसरं म्हणजे तो अखंड बोलायचा. कारखान्यातला जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा माणूस, कसा तंबाखू मळतो, अम्माच्या हजार विड्या संध्याकाळपर्यंत झाल्या नाहीत तर घरात कसं वातावरण असतं, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवात काका कसा हरवला. मधे थांबून मला काही विचारायचा नाही. उत्तराची वाट बघतोय असंही वाटायचं नाही.

एकदा म्हणाला, "घरी चल बे, गणित तिथंच करू." पूर्व भागातल्या एका बोळात त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत घर आणि मागच्या शेडमध्ये चार पॉवरलूम, टॉवेलचे. बोळात शिरल्यापासूनच खडखडाट ऐकू येत होता, पण सोलापूरच्या त्या भागात तो कुठेही येतो. दारात त्याच्या बापाची सायकल आडवी लावलेली. ती ओलांडून मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तळपायातून थरथर वर आली. फरशी हलत होती. फळीवरची भांडी बारीक वाजत होती, दिव्याची वायर डुलत होती, आणि त्या हलणाऱ्या घरात अम्मा मांडीवर सूप घेऊन आरामात विड्या वळत होत्या.

मी पळालो. दप्तर तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बीमनं दप्तर बाकावर आणून ठेवलं. "पळालास कशाला बे? अम्मानं भात टाकला होता." बस. आठवड्यानं पुन्हा म्हणाला, चल. का गेलो, मला सांगता येणार नाही. पोरगा घरी बोलावतो, याचंच अप्रूप असेल.

या वेळी मी उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसलो. आत ये म्हणून कुणी ओढलं नाही. अम्मांना मराठी जेमतेम यायचं, त्यांनी माझ्यापुढे कात्री आणि टॉवेलांचा ढीग ठेवला आणि कडेचे सुटे धागे कसे कापायचे ते एकदा करून दाखवलं. मी कापत बसलो. मग ताटात भात आणि आंबट चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार. पुढे मी रोजच जायला लागलो, ओट्यावरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून आत. "कसा वाचलास" त्या घरात कुणी विचारलं नाही. "धागा मुळाशी काप, टॉवेल कापू नको," एवढंच बोलणं व्हायचं.

शेडमध्ये बीमनं मला एक खेळ शिकवला. डोळे मिटून भिंतीला हात लावायचा आणि कुठला माग थांबला ते ओळखायचं. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारी लाकडी नळी, या कडेचा त्या कडेला गेला की एक ठोका, परत आला की दुसरा, आणि चारही मागांचे ठोके वेगवेगळे. दाराजवळच्या मागाचा ठोका जरा लंगडा होता. धोट्यातली सुताची कांडी संपली किंवा धागा तुटला की एक ठोका गळून पडतो, मग कामगार येऊन धागा सांधतो आणि ठोका परत चालू. पहिल्यांदा हात लावला तेव्हा मला घाम फुटला होता. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी बीमपेक्षा आधी ओळखायला लागलो. जॉबर म्हणाला, "हे पोरगं कामाला ठेवा." त्या एका वाक्याचा आनंद मला दहावीच्या निकालाचाही झाला नाही.

याचा अर्थ भीती गेली असा नाही. त्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, बीम मला मौत का कुआँ बघायला घेऊन गेला. वर फळ्यांच्या सज्जावर उभं राहायचं आणि खाली विहिरीच्या आतल्या भिंतीवरून मोटारसायकल गोल फिरते. गाडी वर आली की सगळ्या फळ्या थडथडतात. ते ठोक्यासारखं नव्हतं, वाढत वाढत येत होतं. मी कठडा धरून खाली बसलो आणि सोडेना. लोक ओरडायला लागले. बीम माझ्यापुढे उभा राहिला, त्याच्या देहामागे मी कुणाला दिसत नव्हतो, आणि तो खेळ संपेपर्यंत मागच्या माणसाशी भांडत राहिला, "पैसे दिलेत बे आम्ही, बसून बघू नाय तर झोपून बघू!" बाहेर आल्यावर भजी खाल्ली. त्या विषयावर तो परत कधी बोलला नाही.

नववीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला म्हणून तिथे राहिलो. रात्रपाळीचे माग चालू होते. मला दाराजवळची खाट मिळाली, दार उघडं. छताखाली, चार भिंतींत मी कित्येक वर्षांत झोपलो नव्हतो, तसा झोपलो. मध्यरात्री कधीतरी लाईट गेली, चारही माग एका दमात थांबले आणि त्या शांततेनं मी किंचाळत उठलो. त्या पहाटेही सगळं थांबल्यावर असंच शांत झालं होतं, थोडा वेळ. बीम खाली चटईवर होता. झोपेतच पुटपुटला, "लाईट गेली बे," आणि खाटेच्या पायावर टाचेनं ठोके मारायला लागला. ठक, ठक, एका लयीत. लाईट यायच्या आधीच मला झोप लागली होती.

दहावीच्या वर्षी, 26 जानेवारी 2001 ला, झेंडावंदन करून त्याच्याच घरी गेलो. टीव्हीवर भूज दिसत होतं. सिमेंटचे मजले एकावर एक बसलेले, माणसं हातांनी दगड उपसत होती. मी बोलायला लागलो. मंडप, आईची हाक, माझं सोंग, ओल्या मातीचा वास, सगळं. पहिल्यांदाच, कुणी न विचारता. अम्मा विड्या वळायच्या थांबल्या होत्या. माझं संपल्यावर बीम म्हणाला, "माहितीय बे. तुझी मामी अम्माला आठवीतच सांगून गेली होती. त्या दिवशी तू पळालास ना, त्याच संध्याकाळी."

मला भयंकर राग आला. सगळ्या सोलापुरात या एका घरात मी 'तसा' नव्हतो अशी माझी समजूत होती. मी उठून गेलो, आणि बोर्डाची परीक्षा होईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. भूमितीच्या पेपरानंतर गेटवर तो म्हणाला, "पेपर घाण गेला बे, चल," आणि मी गेलो. माझा राग कशावर होता ते मला आज नीट कळतं असंही नाही. पण एक कळतं. माहीत असूनही माणूस विचारत नाही, याला मोठा संयम लागतो आणि तो त्या बोलघेवड्या पोराकडे होता. त्या बाईंना मी हेच सांगेन. भाच्याला बोलतं करायच्या मागे लागू नका. त्याला काहीतरी खरं काम द्या, जेवायला वाढा, दार उघडं ठेवा.

बीमच्या घरचे माग पुढे भंगारात गेले. तो आता हैदराबादला टॉवेल-चादरींचा व्यापार करतो, आणखी रुंद झाला आहे. हे लिहिलेलं परवा त्याला फोनवर वाचून दाखवलं. जॉबरचं वाक्य त्याला आठवत नव्हतं, गड्ड्यावरच्या भांडणाचा मात्र अभिमान वाटला. वाचत खाटेच्या प्रसंगाशी आलो तेव्हा त्यानं मला अडवलं. "कसली दया न् कसलं काय बे. आत सुताची पोती असायची, खाटेला जागाच तिथं होती."

मी म्हटलं, मी पहिल्यांदा आलो तेव्हा तिथे तुझ्या बापाची सायकल होती. ती कुणी हलवली?

"थांब, गिऱ्हाईक आलंय," म्हणाला आणि फोन ठेवला.