डबल बेल कोणी दिली? दोन अंकी नाटक लिहितानाचा माझा अनुभव

आधी राग काढून घेतो, मग कामाचं सांगतो. माझी संहिता एका दिग्दर्शकाकडे 4 महिने पडून होती. नाव घेत नाही. दर पंधरा दिवसांनी मी मेसेज टाकायचो, "सर, वाचलं का?", निळ्या टिका यायच्या आणि उत्तर यायचं "गणपती झाले की बसू". गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळीचा फराळ पण घरी नेऊन दिला, आणि शेवटी एका चहाच्या गाड्यावर साहेबांनी निकाल दिला, "रहस्य फुटतंय रे लवकर." बास. महिन्याला एक शब्द. कुठं फुटतंय, कशानं फुटतंय, फुटलं तर काय बिघडतं, काही नाही. चहाचे पैसे पण मीच दिले.

नाटक काय होतं ते सांगतो. अण्णा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, 25 वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला फ्रेम करून भिंतीवर लावलेला. मागच्या गल्लीत सुमन राहते. तिचा नवरा 11 वर्षांपूर्वी आंबा घाटात रात्री कुठल्यातरी गाडीखाली गेला, गाडी कुठली ते कधीच कळलं नाही. आणि अण्णा तेव्हापासून सुमनच्या पोरीची फी भरतायत. एवढा भला माणूस कशासाठी? आता तुम्हाला कळलंच असेल. मला वाटत होतं की कुणाला कळणार नाही, म्हणून मी ते शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत झाकून ठेवलं होतं.

घरी पहिलं वाचन केलं तेव्हा हॉलमध्ये आठ माणसं होती, सगळी पात्रं मीच वाचत होतो, बायकांचे आवाज काढून वगैरे. 19 व्या पानावर आत्या शेजारणीला हळूच म्हणाली, "त्यानंच उडवला असणार." हळूच म्हणजे तिच्या मते हळूच. पुढची सगळी पानं लोकांनी माझ्यावर उपकार म्हणून ऐकली. मधेच खोकला सुरू झाला, एकाला आला की दुसऱ्याला. हे लक्षात ठेवा, सर्दीचा खोकला कुठंही येतो, कंटाळ्याचा खोकला दोन वाक्यांच्या मधल्या जागेत येतो. तेव्हापासून मी वाचनाला मागं बसतो, वाचायला दुसऱ्याला देतो आणि संहितेच्या कडेला पेन्सिलीनं फक्त खोकल्याच्या खुणा करतो.

मग मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच केलं. अजून घट्ट झाकलं. एक सावकार घातला ज्याचं सुमनच्या नवऱ्याशी भांडण होतं. मग एक ट्रकवाला मेव्हणा घातला. मग अण्णांना त्या रात्री रजेवर दाखवलं आणि रजेचा अर्ज खोटा निघतो असा एक प्रवेश लिहिला. तीन ड्राफ्ट झाले, प्रत्येक आधीच्यापेक्षा गचाळ. सावकार आला की पोरं हसायची कारण तो उघड उघड 'मी नाही हां केलेलं' असा चेहरा घेऊन आलेला असायचा. हे सगळं त्या चार महिन्यांत चाललेलं, म्हणजे दिग्दर्शकांकडे जी संहिता होती ती तोपर्यंत शिळी झालेली, पण त्यांनी उघडलीच नसल्यामुळे त्यांना काय फरक पडणार होता.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात बसून आईला सगळं सांगत होतो, ती गवार मोडत होती. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, त्यामुळे हे जग तिच्या हाडामासातलं. मी सांगितलं की घाटात धक्का लागतो, अण्णा ब्रेक मारतात, गाडी थांबते, मागं बघतात, अंधार असतो, आणि मग घाबरून गाडी काढतात. आई गवार मोडता मोडता म्हणाली,

"डबल बेल कोणी दिली?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे गाडी थांबली ना? मग सुटली कशी? ड्रायव्हर आपल्या मनानं गाडी हलवत नाही रे. कंडक्टरनं डबल बेल दिली की हलते."

आता हे मला लहानपणापासून माहिती होतं, सिंगल बेल थांबायची, डबल बेल सुटायची, मी स्वतः पोरगं असताना ती छताखालची दोरी ओढायला धडपडलोय. पण अर्ध्या वर्षात एकदाही डोक्यात आलं नाही की त्या गाडीत कंडक्टर पण असेल! त्या रात्री मी झोपलो नाही. नाना कंडक्टर नावाचं माणूस पहाटेपर्यंत उभं राहिलं आणि सावकार, मेव्हणा, रजेचा अर्ज सगळं गेलं.

तर मला जे समजलं ते असं, की 'कोणी केलं' याचं उत्तर म्हणजे एक नाव असतं, आणि नाव कळलं की प्रेक्षक मोकळा होतो, पार्किंगमधून गाडी कशी काढायची याचा विचार करायला लागतो. ईडिपस राजाचं जुनं ग्रीक नाटक, राजा खुनी शोधत असतो आणि खुनी तोच निघतो, ते अथेन्समध्ये पहिल्यांदा झालं तेव्हा गोष्ट लोकांना आधीच माहिती होती, खुनी कोण हे राजाला सोडून बाकी सगळ्या थिएटरला ठाऊक, तरी माणसं बसली होती ना. म्हणून मी आत्याला शरण गेलो. 19 व्या पानाची वाटच बघायची नाही, 15 व्या पानावर अण्णा स्वतःच आपल्या मुलीला सांगतात, "माझ्याच गाडीखाली गेला तो." फोडून टाकलं. आणि प्रश्न तिथून सुरू केला. नाना म्हणाला होता, "रानडुक्कर असंल, चला", आणि डबल बेल दिली. नानानं मागच्या काचेतून पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर काय पाहिलं? आणि अण्णांनी बेल ऐकून गियर टाकला तो 25 वर्षांच्या सवयीनं, का त्यांना बेलचा आडोसा हवाच होता? याला एका शब्दाचं उत्तर नाही, आणि प्रेक्षक खोकत नाही. 15 व्या पानानंतर माझ्या पेन्सिलीच्या खुणा एकदम कमी झाल्या, खरंच सांगतो, संहिता ठेवलीये जपून.

नानाला मी आधी सरळ व्हिलन केला होता, ते पण चुकलंच. मग त्याला कारण दिलं. गाडीत एक पोरगं तापानं फणफणलेलं, त्याची आई मगापासून "लवकर न्या ओ" म्हणत होती. आणि दुसरं कारण असं की नानावर आधीच एक चौकशी चालू होती, अजून एक लफडं झालं असतं तर नोकरी गेली असती. दोन्ही खरी. पहिलं कारण नाना स्वतः सांगतो, दुसरं त्याच्या बायकोच्या तोंडून चुकून निघतं, आणि मधे मी मुद्दाम 12 पानांचं अंतर ठेवलंय, म्हणजे तोपर्यंत प्रेक्षकानं नानाला मनातून माफ करून टाकलेलं असतं आणि मग तो स्वतःवरच चिडतो. चांगलं कारण आधी द्यायचं. उलट केलं तर वकिली वाटते.

हे मधेच आठवलं म्हणून, वस्तू. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधली दाराची कडी आठवा. नाटक 1967 चं. सुरुवातीलाच नायिकेचं, बेणारेबाईंचं, बोट त्या कडीत चेमटतं, सगळं गमतीत जातं, कुणी लक्ष देत नाही. आणि नंतर त्यांना बाहेर पडायचं असतं तेव्हा तीच कडी बाहेरून अडकलेली असते. मी कॉलेजात असताना पाहिलं तेव्हा अंगावर काटा आलेला पण का आला ते आत्ता कळलं. म्हणून मी अण्णांच्या घरात जुन्या गाडीची घंटी आणि दोरी आठवण म्हणून टांगली. पहिल्याच प्रवेशात नातू येऊन दोनदा ओढतो, टण टण, लोक हसतात, आणि अण्णांच्या हातातला चहा बशीत सांडतो. एवढंच. कुणी काही बोलत नाही. पहिल्या अंकाचा पडदा त्याच टण टण वर पडतो, फक्त तेव्हा नातू झोपलेला असतो आणि दोरी सुमनच्या हातात असते.

हो, सुमनला माहिती असतं. तेराव्याच्या दिवशी अण्णा पाकीट घेऊन आले तेव्हाच कळलेलं. दुसऱ्या अंकात ती म्हणते, "तुम्हाला आत घातलं असतं तर फी कोणी भरली असती?" मग कोण कुणाचं देणं लागतं? इथं मी स्वतः कुणाच्या बाजूचा आहे हे कळू द्यायचं नाही असं ठरवलेलं, आणि एक भाषण होतं मुलीच्या तोंडी, न्याय म्हणजे काय वगैरे, मला फार आवडायचं, तालमीत तिसऱ्या दिवशी कापलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

अजून एक चोरी कबूल करतो. इंग्रज नाटककार प्रीस्टलींचं 'अॅन इन्स्पेक्टर कॉल्स' आहे, 1945 चं, त्यात इन्स्पेक्टर एका मेलेल्या मुलीचा फोटो एका वेळी एकालाच दाखवतो, त्यामुळे सगळ्यांनी एकच फोटो पाहिला का हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. मी तेच त्या रात्रीचं केलं. अण्णा, नाना आणि सुमन शेवटच्या प्रवेशापर्यंत तिघं एकत्र येतच नाहीत. प्रत्येकाची रात्र वेगळी आणि पडताळणारा एकटा प्रेक्षक.

बाकी सेन्सॉरचं प्रमाणपत्र, नेपथ्य, तालमी, तारीख सगळं सुरळीत झालं. नाटक बसवलं एका तरुण मुलीनं. तिनं संहिता 2 दिवसांत वाचली, हे मुद्दाम लिहितोय. आमचं भांडण एकाच गोष्टीवर झालं, दोरी एन्ट्रीच्या वाटेत येते म्हणून तिला काढायची होती. मी हटलो नाही, शेवटी दोरी राहिली आणि दार सरकलं.

पहिल्या प्रयोगाच्या मध्यंतरात मी बटाटेवड्याच्या रांगेत लपून उभा होतो. पुढं दोन गृहस्थ भांडत होते, एक म्हणे अण्णानं उतरायलाच पाहिजे होतं, दुसरा म्हणे कंडक्टरचीच चूक, तिसरा मधेच म्हणाला की बाई पण काही कमी नाही. तिसरी घंटा झाली तरी हलेनात. वडे संपले, मला मिळाला नाही, पण काही वाटलं नाही. चार महिनेवाले सर पण पासावर आलेले. भेटल्यावर म्हणाले, "रहस्य लवकरच फुटतंय की अजून." मी म्हटलं, "हो सर, 15 व्या पानावर. मीच फोडलंय." ते फोनमध्ये बघत होते.

आई पहिल्या रांगेत होती. घरी जाताना रिक्षात गप्पच. मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाली, "तो नाना त्या रात्री मुक्कामाला पोचल्यावर जेवला असेल का रे?"

हे मी लिहिलंच नव्हतं.