मैदानी गोल व्हय?

परवा भाच्याचा फोन आला. पुण्यात पत्रकारितेचा कोर्स करतोय. त्याला लिहायला विषय मिळालाय, ‘स्थानिक क्रीडा वार्ताहर तटस्थ असावा की संघाचा चाहता?’ म्हणाला, "मामा, तू अकरा सीझन शाहू स्टेडियमवर बसलायस, दोन ओळी सांग." दोन ओळींत काही सांगता येईना, म्हणून इथं लांबण लावतोय.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं. कोल्हापुरात बऱ्याचशा फुटबॉल संघांच्या नावात ‘तालीम मंडळ’ असतं. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. त्याखेरीज प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, असे बरेच. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पोरं हौदातनं उठून फुटबॉलच्या मैदानावर गेली, पण नाव, कट्टा आणि ईर्ष्या तीच राहिली. त्यामुळं इथं ‘तू कुठल्या टीमचा?’ असं कोणी विचारत नाही. ‘राहायला कुठं?’ एवढं विचारतात, त्यात सगळं आलं.

आता ज्याला राहायला घर आहे, त्यानं तटस्थ व्हायचं कसं?

मी मंगळवार पेठेत वाढलो, आजोळ शिवाजी पेठेत. मंगळवार पेठेत तालमी एकापेक्षा जास्त, त्यामुळं एवढ्यावरून माझी कुठली ते कळायचं नाही. आज मी सांगणारही नाही. का, ते पुढं येईल.

१९९९ ते २०१० मी एका दैनिकासाठी फुटबॉलच्या बातम्या दिल्या. मानधन असं की पेट्रोल घातलं की संपलं. दुपारी दोनचा सामना, मग चारचा. साडेसातच्या आत दोन्हींची बातमी टेबलावर पाहिजे. जागा मिळायची दीडशे शब्दांची, आणि त्यातही जाहिरात आली की शेवटचा परिच्छेद कापला जायचा. पण फायनल असली की कापायचं ते मधलंच कापायचे. कारण शेवटच्या परिच्छेदात बक्षीस कुणाच्या हस्ते दिलं आणि ‘यावेळी’ कोण कोण उपस्थित होते, ती माळ असायची. चषकांना नेत्यांची नावं, तेव्हा त्या माळेतला एक मणी गळला तर सकाळी संपादकांना फोन. गोल कुणाच्या पासवर झाला हे गळलं तर कुणाचाच फोन यायचा नाही. खरं तर यायचा, पण तो माझ्या घरच्या लँडलाइनवर, आणि त्या भाषेला इथं छापता येणार नाही.

तर पक्षपात. भाच्याला वाटतं पक्षपात म्हणजे आपल्या संघाची स्तुती. तेवढं बावळट कोणी नसतं. पक्षपात क्रियापदात असतो. आपल्या आघाडीपटूनं मोकळा गोलपोस्ट सोडून चेंडू आभाळात मारला, तर ‘चेंडू थोडक्यात बाहेर गेला’. त्यांच्यानं मारला, तर ‘सोपी संधी दवडली’. आपण हरलो तर ‘निसटता पराभव पत्करावा लागला’, ते हरले तर ‘धुव्वा उडवला’. आपला गोली चुकला तर चेंडूला ‘अनपेक्षित उसळी’ मिळते. स्टँडमध्ये आपल्या पोरांनी बाटल्या फेकल्या तर ‘किरकोळ बाचाबाची’, त्यांच्या पोरांनी फेकल्या तर ‘हुल्लडबाजी’. ही सगळी वाक्यं मी लिहिलेली आहेत. एकही शब्द खोटा नाही, आणि तरी एकही वाक्य धड खरं नाही.

एक मात्र खोटंच लिहिलं, ते सांगतो.

उपांत्य सामना होता. उत्तरार्ध निम्मा सरला तरी गोल नाही. आमच्या तालमीला डावीकडनं कॉर्नर मिळाला, आणि मी त्याच टोकाला बसलो होतो. चेंडू उंच आला, गर्दीत आमच्या आघाडीपटूनं उडी घेतली, आणि चेंडू त्याच्या उजव्या हाताला, कोपराच्या जरा खाली लागून जाळ्यात गेला. पंचांच्या आडवे तीन बचावपटू होते. मला मात्र लख्ख दिसलं. हाताला लागल्यावर चेंडूची दिशा कशी बदलते, ते डोक्याला लागल्यासारखं नसतं. मान हललीच नव्हती त्याची. हलगी सुरू झाली, माझ्या शेजारचे दोघं नाचायला लागले, आणि मी वहीत मिनिट टिपलं. तो पोरगा माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ. त्याच्या आईनं मला कैक वेळा जेवू घातलंय. संध्याकाळी मी लिहिलं, ‘कॉर्नरवर आलेल्या चेंडूवर अप्रतिम मैदानी गोल नोंदवला.’ मैदानी म्हणजे चालू खेळात झालेला, पेनल्टीचा नव्हे. ‘अप्रतिम’ कशाला घातलं, देव जाणे. खोटं बोलताना माणूस एक विशेषण जास्त वापरतो बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर तात्या भेटले. तात्या म्हणजे समोरच्या तालमीचे. गिरणीत काम करून रिटायर झालेले, धोतर, डोक्याला टोपी, एकही सामना न चुकवणारे. भांडतील म्हणून मी तयारीत होतो. पण तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि शांतपणे विचारलं, "काय पत्रकार, मैदानी गोल व्हय?"

मी काहीच बोललो नाही.

"तुला दिसलं न्हाई म्हणालास तर ऐकीन मी. तू त्याच टोकाला हुतास म्हणून इचारतोय."

"दिसलं, तात्या."

"मग लिव्हायचं न्हाईस?"

"पंचांनी गोल दिला की."

"पंचानं दिला, त्ये पंचाचं. तुझं काय?" मग थोडं थांबून म्हणाले, "मी वहीत चिकटवतोय रं तुजं. पन्नास वर्सांनी कोण सांगाय येणाराय? जे छापलंय त्येच खरं ठरणार."

गाड्यावरनं मी स्टेडियमला न जाता सरळ घरी गेलो. तात्या शिव्या देते तर बरं झालं असतं.

त्यांचं म्हणणं नीट समजायला मला वर्षं लागली. १९८६ च्या वर्ल्ड कपमधला इंग्लंडविरुद्धचा मॅराडोनाचा हाताचा गोल जगानं शंभर कॅमेऱ्यांतनं बघितला. तो बातमीत चुकला तरी बिघडलं नसतं. आमच्या उपांत्य सामन्याचं चित्रीकरण तेव्हा कुणी केलं नव्हतं. मोबाइलवर कॅमेरे नव्हते. त्या गोलाचा छापील पुरावा म्हणजे माझ्या बातमीतली ती ओळ, आणि ती तात्यांच्या वहीत खळीनं चिकटलेली.

मॅराडोनाचा विषय निघालाच आहे तर त्या सामन्याच्या रेडिओ समालोचकाचं सांगतो. व्हिक्टर ह्यूगो मोरालेस. दुसऱ्या गोलला, म्हणजे निम्म्या इंग्लंडला चकवून केलेल्या त्या गोलला, तो माइकवर अक्षरशः रडला, मॅराडोनाला ‘अंतराळातला पतंग’ म्हणाला. ते सगळ्यांना पाठ. पण चारच मिनिटं आधी, पहिल्या गोलला, गोल म्हणून जीव तोडून ओरडताना त्यानं श्रोत्यांना तिथल्या तिथं सांगितलं होतं की हा गोल हातानं झालाय, मनापासून ओरडतोय खरा, पण मला वाटतं ते सांगायला पाहिजे. आणि हा माणूस अर्जेंटिनाचा नव्हेच, शेजारच्या उरुग्वेचा! गळा फाडून ओरडायचं आणि त्याच दमात ‘हात लागला’ म्हणायचं. मला एवढंच जमायला पाहिजे होतं. मी ओरडलो नाही आणि सांगितलंही नाही.

म्हणून भाच्याला मी ‘तटस्थ राहा’ असं सांगणार नाही. तटस्थ माणूस आम्ही एकदा बघितलाय. मी आजारी होतो तेव्हा ऑफिसनं बाहेरगावच्या एकाला स्टेडियमवर पाठवलं. बातमी स्वच्छ, मुद्देसूद, कुणाचा कैवार नाही. त्यात एका संघाचा नऊ नंबर ‘निष्प्रभ ठरला’ असं होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं की तो पोरगा चार दिवसांपूर्वी मोटरसायकलवरनं पडलाय, गुडघा आवळून खेळलाय, आणि पूर्ण वेळ खेळला हेच नवल. त्याच सामन्यात दोन सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध होते, तेही सुटलं. जीव गुंतलेल्या माणसाला जे दिसतं ते दुर्बिणीतनं दिसत नाही. मैदानावर अकरा पोरांपैकी कोण कामावरनं अर्धी रजा टाकून आलाय, कुणाची बूटजोडी उसनी आहे, हे मला कट्ट्यावर बसून कळायचं.

पण त्याच कट्ट्यानं मला आंधळंही केलं. आमच्याकडं नायजेरियाची पोरं खेळायला येऊ लागली, कोल्हापुरी प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. माझ्या बातम्या काढून बघा. ‘परदेशी खेळाडूने गोल केला.’ नाव नाही. असलंच तर एका आठवड्यात तीन तऱ्हेनं लिहिलेलं. गल्लीतल्या राखीव खेळाडूच्या आजोबांचं नाव मला माहीत, आणि सामना जिंकून देणाऱ्याला त्याचं नाव विचारायला मी दहा पावलं चाललो नाही. त्याच्या घरून फोन यायची भीती नव्हती ना.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला, तेव्हा सगळ्या पेठा पहिल्यांदा एकाच बाजूला बसल्या. दिल्लीत अमेरिकेनं तीन गोल मारले, कोलंबियाशी २–१ हरलो, घानानं चार मारले. मी तेव्हा नुसता वाचक होतो, आणि आमच्या कट्ट्यावर ते सामने वाचताना कुणाला हरल्यासारखं वाटलंच नाही. सगळे अनिकेतचं नाव शोधत होते. त्याला मी पक्षपात म्हणणार नाही. आईनं पोराच्या वर्गाच्या फोटोत आधी पोराला शोधावं, तसं ते.

अवघड असतं ते खरं लिहिल्यावर दुसऱ्या दिवशीचं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या क्लबनं २०१३ साली तिथल्याच तीन वृत्तपत्रांना दारं बंद केली, का तर चाहत्यांनी मालकाविरुद्ध काढलेल्या मोर्चाची बातमी त्यांनी दिली म्हणून. आमच्याकडं एवढं कुणी करत नाही. फक्त कट्ट्यावर गेलं की कुणी सरकून जागा देत नाही. मला विचाराल तर हे जास्त लागतं.

आता सामने मोबाइलवर लाइव्ह दिसतात. हाताला लागला की नाही ते रात्री बारापर्यंत चाळीस जण हळू करून दाखवतात, आणि प्रत्येक तालमीची पोरं इन्स्टावर आपापली बातमी स्वतःच लिहितात, तीही ‘नाद खुळा’ संगीतासह. बिचाऱ्या वार्ताहराला खोटं बोलायची सोयच राहिली नाही.

तात्या गेले त्याला बरीच वर्षं झाली. दिवसाला भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलानं वह्या काढून दाखवल्या. शंभर पानी, रेघांच्या, सात-आठ. ती उपांत्य सामन्याची बातमी सापडली. ‘अप्रतिम मैदानी गोल’ या शब्दांखाली निळ्या पेनानं रेघ, आणि समासात, थरथरत्या अक्षरात: ‘हातानं. लिहिणाऱ्यानं बघितलंय.’

पुढं चाळत गेलो. त्यानंतरच्याच सीझनचा एक सामना निघाला, तात्यांच्या तालमीचा. शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली होती. पोरगं स्वतःच पाय अडकवून पडलं होतं, कुणी धक्कासुद्धा लावला नव्हता. मला चांगलं आठवतं, तात्या माझ्यापासून चार हातांवर बसले होते. त्या कात्रणाचा समास कोरा होता.

मुलानं विचारलं, "काय हसताय, काका?"

मी वही मिटून त्याच्या हातात दिली.