शून्य टक्के

त्या मंगळवारी ठाण्यात पहाटेपासून पाऊस कोसळत होता आणि गाड्या अर्धा-पाऊण तास उशिराने धावत होत्या. तरी मी पावणेदहाला ग्रंथालयाचं कुलूप काढायला गेले, तेव्हा बाई दारात उभ्याच होत्या. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने आलेल्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पण छातीशी धरलेली पिशवी कोरडी. पिशवीत पेन ड्राइव्ह होता आणि त्या पेन ड्राइव्हमध्ये सात वर्षांचं काम.

मी नौपाड्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे मराठीचं संशोधन केंद्र आहे. पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी सॉफ्टवेअरवर त्याची साम्यतपासणी करायची, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी तो किती जुळतो ते पाहायचं, आणि अहवालावर सही करायची, हे माझ्या कामांपैकी एक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी या तपासणीला टक्क्यांची मोजपट्टी दिली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. चाळीसच्या वर गेलं तर वर्षभर दार बंद, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. शुक्रवार ही बाईंची प्रबंध जमा करायची शेवटची तारीख होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती.

त्यांचा विषय मला पहिल्यापासून आवडलेला. ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांमध्ये लग्नात धवलारीण येते. भटजींच्या मंत्रांइतकाच मान तिच्या गाण्याला असतो. हळद, तेलवण, मांडव, प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, वेगळा. तेराव्या शतकात महानुभाव कवयित्री महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. तोच शब्द आज घणसोली, दिवे, बेलापूरच्या गावठाणांत ‘धवला’ होऊन जिवंत आहे. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. बाईंची आजी स्वतः धवलारीण. सिडकोच्या इमारती चारी बाजूंनी उभ्या राहिल्या आणि गावठाण मधे आक्रसून बसलं, तरी आजी नव्वदीपर्यंत लग्नाला जात होती. तिच्या आवाजातली बावीस रेकॉर्डिंग बाईंच्या फोनमध्ये आहेत.

फाइल पीडीएफमध्ये होती, ४१२ पानं. मी ती चढवली. शिपाईमामांनी चहा आणला. तासाभराने अहवाल आला: साम्य शून्य टक्के.

बाईंनी हात जोडले. डोळे भरून आले होते. त्यांनी लगेच मार्गदर्शक सरांना फोन लावला, घरी फोन लावला. मीही मनापासून अभिनंदन केलं. आता फक्त प्रमाणपत्राचा फॉर्म भरायचा होता, म्हणजे नाव, विषय, वर्ष. एरवी मी शीर्षक हातानेच टाइप करते. त्या दिवशी शीर्षक लांबलचक होतं, म्हणून पीडीएफच्या पहिल्या पानावरून कॉपी केलं आणि फॉर्ममध्ये चिकटवलं.

चिकटलं ते मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरचं चिन्ह, अर्धविराम, पुन्हा अक्षरं. मला वाटलं चुकून दुसरंच काही कॉपी झालं. परत केलं, परत तेच. मग पीडीएफमध्ये शोधाच्या चौकटीत ‘धवला’ टाइप केलं. उत्तर आलं, एकही नाही. ज्या प्रबंधाच्या पानापानावर धवला आहे, त्यात संगणकाला एकही धवला दिसत नव्हता.

मला खुर्चीत बसावं लागलं.

हे काय झालं होतं ते सांगते, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. संगणकात भारतीय लिप्या साठवण्यासाठीचं इस्कीचं मानक आणि जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेली जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ सालची. युनिकोडमध्ये देवनागरीला तिच्या हक्काच्या १२८ जागा आहेत. ‘क’ म्हणजे ‘क’च, मग तो कुठल्याही फॉन्टमध्ये दिसो. पण आपले छापखाने आणि डीटीपीची दुकानं त्याआधीच वेगळ्या वाटेने गेली होती. त्या वाटेवरचे फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवतात. डोळ्यांना ‘क’ दिसतो, यंत्राच्या पोटात मात्र तिथे एखादं इंग्रजी अक्षर असतं. कागदावर छापायचं असेल तेव्हा याने काहीच बिघडत नाही. पण यंत्राने वाचायचं, शोधायचं, ताडून पाहायचं म्हटलं की त्याच्या लेखी तो मजकूर मराठीच नसतो. आमच्या सॉफ्टवेअरने ४१२ पानांची ती इंग्रजी अक्षरांची रास जगभरातल्या मजकुराशी ताडली होती. तसली रास कुठेच नव्हती, म्हणून शून्य.

मी बाईंना पडद्यासमोर बसवून सगळं दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, मी काही लपवलेलं नाही.”

“तुम्ही लपवलं असं मी म्हणतच नाही,” मी म्हणाले. “पण ही तपासणी झालेलीच नाही. मी सही कशावर करू?”

दुपारी मार्गदर्शक सर आले. ते वयाने आणि मानाने मोठे, त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही, पण हटलेही नाही. सरांचं म्हणणं सरळ होतं: नियमाने अहवाल मागितलाय, अहवाल शून्य आहे, शुक्रवार तोंडावर आलाय. मी म्हटलं, “सर, सहीचं सोडा. हा प्रबंध असाच शोधगंगेवर गेला तर काय होईल? पन्नास वर्षांनी आगऱ्यांच्या लेकीसुनांपैकी कुणी ‘धवलारीण’ शब्द टाकून शोधेल आणि तिला हा सापडणारच नाही. सात वर्षांचं काम तिथे असेल, आणि नसेल.” सर खिडकीतून पाऊस बघत राहिले. मग बाईंकडे वळून म्हणाले, “डीटीपीवाल्याला फोन लाव.”

शोधगंगा म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. तिथे आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते सांभाळतं. एकेकाळी प्रबंध म्हणजे विद्यापीठाच्या कपाटातला काळा बांधीव ठोकळा असायचा, तो बघायला प्रवास करावा लागायचा. आता नागपूरचा प्रबंध रात्री अकरा वाजता घणसोलीत वाचता येतो. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. मी ठाण्यातच वाढले. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १८९३ साली इथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभारलं, ते मराठी पुस्तकं एका जागी आणि सगळ्यांना मिळावीत म्हणून. शोधगंगा मला त्याच जातीचं काम वाटतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही ग्रंथालयात पेढे वाटले. पण आपलीच पानं आपल्याच भाषेत शोधता येत नसतील, तर ती कपाटातल्या ठोकळ्याहून कशी वेगळी?

संध्याकाळी चारला डीटीपीच्या दुकानातून युनिकोडमध्ये बदललेली फाइल आली. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने नंतर. रफाराचं उलट: ‘धर्म’मधला रफार तिथे ‘म’च्या नंतर, इथे आधी. हे बदल यंत्राने बरे केले होते. पण अर्ध्या ‘र’ला ते अडखळलं होतं. लग्नाची गाणी, त्यात ‘नवऱ्या’ जागोजागी, आणि प्रत्येक ‘नवऱ्या’त एक रिकामा चौकोन. ते आम्ही दोघींनी बसून दुरुस्त केले. मग तपासणीला लावली.

चौतीस टक्के.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण सकाळच्या शून्याने मला जितकं घाबरवलं होतं, तितकं या चौतीसने घाबरवलं नाही. हा आकडा खरा होता. त्याच्या आत शिरून बघता येत होतं.

एकवीस टक्के गाणी आणि अवतरणं निघाली. अवतरणचिन्हं जुन्या फॉन्टमधून येताना भलतीच चिन्हं बनली होती, त्यामुळे दुसऱ्यांचे उतारे तळटीपेत नाव असूनही बाईंचेच म्हणून मोजले गेले होते. नियमाप्रमाणे नाव देऊन घेतलेली अवतरणं साम्यात धरत नाहीत. चिन्हं दुरुस्त केली, तो भाग वगळला. उरले तेरा.

त्यातली बरीच सलग पानं दुसऱ्या प्रकरणात होती, साष्टीच्या, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या बेटाच्या, इतिहासाची. वाक्यं जशीच्या तशी दुसऱ्या एका विद्यापीठातल्या जुन्या प्रबंधातली. बाईंनी पिशवीतून पहिल्या वर्षीची वही काढली. त्यात पेन्सिलीने तीच वाक्यं उतरवलेली होती, पण कुठून घेतली ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. “मॅडम, इथे ‘सदरहू’ आहे. मी सदरहू कधी लिहीत नाही. मला कळायला हवं होतं.” त्यांनी एकही सबब सांगितली नाही. त्याच खुर्चीत बसून ती पानं स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतली आणि मूळ प्रबंधाचा संदर्भ दिला.

आणि एक साम्य असं निघालं की ते बघून बाई उठून उभ्या राहिल्या. तेलवणाचं एक गाणं, आजीच्या तोंडून घेतलेलं, उरणकडच्या एका गावच्या गाण्याशी जवळपास निम्मं जुळत होतं. तो प्रबंध बाईंना सात वर्षांत सापडला नव्हता, कारण त्याच्या शीर्षकात धवला हा शब्द कुठेच नाही. “म्हणजे हे खाडीपलीकडेही गातात!” त्या म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात भीती नव्हती. रात्री त्या गाण्यावर त्यांनी दीड पानाची टीप लिहिली.

पण त्याआधी आणखी एक घोळ सापडला. ताडून बघायला म्हणून बाईंनी फोनवर आजीचं रेकॉर्डिंग लावलं. सात वाजले होते, वाचनकक्षात आम्ही दोघी आणि दिवे मालवायला थांबलेले मामा. आजीचा चिरका, लांबलेला सूर. ती स्पष्ट ‘पानी’ म्हणत होती. पडद्यावर ‘पाणी’ होतं. पुढची ओळ ऐकली. आजी ‘धवला’, पडदा ‘धवळा’. दुकानातल्या पोराने फाइल बदलताना या सगळ्या टायपिंगच्या चुका समजून चांगल्या मनाने एका झटक्यात सुधारल्या होत्या. बाईंच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या ‘ल’ आणि ‘न’वर उभं होतं. त्या बोलीत लिहिलेलं काहीच त्या पोराने कधी वाचलेलं नसणार. त्याला दोष तरी काय द्यायचा? शाळेत आपण या मुलांना तेच शिकवतो, की ‘पानी’ म्हणजे अशुद्ध.

बावीसच्या बावीस गाणी ऐकत, एकेक अक्षर परत आजीच्या तोंडातलं करत आम्ही बसलो. मामांनी दिवे मालवले नाहीत. त्यांनी स्टेशनजवळून वडापाव आणले आणि मग तेही येऊन ऐकत बसले. ते मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले. एका ठिकाणी आम्हाला शब्द लागत नव्हता, तो त्यांनी सांगितला. साडेदहाला बाई शेवटच्या काही गाड्यांपैकी एकीने घणसोलीला गेल्या.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा तपासणी केली. सात टक्के. मी सही केली. शुक्रवारी दुपारी प्रबंध विद्यापीठात जमा झाला.

पण माझं काम संपलं नव्हतं. बुधवारी रात्री घरी गेल्यावर मला झोप येईना. गुरुवारी आल्या आल्या मी अहवालांची फाइल काढली. २०१९पासून आमच्या केंद्रातून अकरा मराठी प्रबंध गेले होते. त्यातल्या आठांचे अहवाल शून्य किंवा एक टक्का. आठांवरही माझी सही, त्याच निळ्या शाईची. त्या प्रत्येक वेळी मी अभिनंदन केलं होतं. एका बैठकीत तर मी प्राचार्यांना सांगितलं होतं की आपले मराठीचे विद्यार्थी सर्वांत प्रामाणिक. ते प्रामाणिक असतीलही, बहुतेक असतीलच. पण ते मी तपासलेलं नव्हतं आणि तपासलं म्हणून लिहून दिलं होतं. मी आठ सीडी काढल्या, प्रत्येकीतून एक ओळ कॉपी करून बघितली. सातांमधून तीच इंग्रजी अक्षरं आणि कंस बाहेर पडले.

मी प्राचार्यांना लेखी कळवलं. आता आमच्याकडे नियम आहे: प्रबंध आला की आधी त्यातला एखादा शब्द शोधून बघायचा, सापडला तरच पुढची तपासणी. त्या सात जणांनाही मी फोन केले. काहींनी ऐकून घेतलं, एकाने फोन ठेवून दिला. त्यांच्यातल्या एक बाई निवृत्त होऊन कोपरीत राहतात. त्यांचा प्रबंध ठाण्याच्या जुन्या वृत्तपत्रांवरचा. त्या म्हणाल्या, “अहो, माझा प्रबंध वाचतंय कोण?” मी म्हटलं, “अजून कुणाला सापडलाच नाहीये, बाई.”

पुढच्या सोमवारी त्या सीडी आणि बांधीव प्रत दोन्ही घेऊन आल्या. त्यांना पडद्याकडे फार वेळ बघवत नाही, म्हणून त्या छापील प्रतीतून मोठ्याने वाचतात आणि मी बदललेल्या फाइलमध्ये ताडून चुका काढते. पहिल्या दिवशी अकरा पानं झाली.