पाहुण्यांचा हंगाम

माहेरी जायचे ते आखाजीला, हे आमच्याकडे ठरलेले आहे. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते ती नेमकी वैशाखात, जेव्हा भुसावळ-जळगावकडचा पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो. यंदा अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन दहा दिवसांसाठी गेले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर खाटा पडल्या आणि ‘याला कुठे कुठे फिरवून आणायचे’ या विषयावर बैठक भरली. दादाने मनुदेवीचे नाव काढले. सातपुड्याच्या कुशीतले ते ठिकाण मलाही फार आवडते, पण तिथला धबधबा पावसाळ्यातला, वैशाखात नुसता काळा कातळ दिसायचा. वहिनीने अडावदजवळचे उनपदेव सुचवले, आणि मग तिचे तिलाच हसू आले, कारण अंगाची लाही होत असताना लेकराला गरम पाण्याच्या झऱ्यावर कोण नेणार? आप्पांचा आग्रह पाटणादेवीचा होता. भास्कराचार्यांचे नाव सांगणारा शिलालेख तिथे आहे आणि नातवाच्या डोक्यावरून निदान ती हवा तरी गेली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे; परंतु चाळीसगावपर्यंत जाऊन पुढे डोंगराच्या पायथ्याला पोहोचेपर्यंत तो नातू काय अवस्थेत असेल, याचा हिशेब त्यांनी केला नव्हता. खानदेशात पाहण्यासारखे पुष्कळ आहे; पण पाहण्याचा हंगाम श्रावणापासून माघापर्यंतचा आणि पाहुण्यांचा हंगाम वैशाखातला, ही गाठ आजवर कुणाला सुटलेली नाही.

तरीही एरंडोलजवळच्या पद्मालयाला आम्ही गेलोच. सोंड उजवीकडे असलेला आणि डावीकडे असलेला असे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात, समोर कमळांचे तळे, भोवती झाडी. नाव ठेवायला जागा नाही. चूक आमची होती. ‘नाश्ता करूनच निघा’ या वहिनीच्या प्रेमापोटी निघायला साडेनऊ वाजले, पोराला गाडीत शेवटच्या दहा मिनिटांत झोप लागली आणि पोहोचल्यावर त्याला उठवावे लागले. झोपेतून उठवलेल्या मुलाला दोन गणपती असले काय आणि दहा असले काय! त्याने तळ्याकडे पाठ फिरवली, चटका बसणाऱ्या फरशीवर पाय टेकवायला नकार दिला आणि दर्शन होईपर्यंत त्याचे सगळे लक्ष आवारातल्या एका गळक्या नळावर होते. त्या दिवसापासून मी अंतर किलोमीटरमध्ये मोजणे सोडून दिले. गाडीत पुरी झोप होईल इतके लांब जावे, नाहीतर झोप लागणारच नाही इतके जवळ; मधली सगळी ठिकाणे नक्षत्रासारखी सुंदर असली तरी आपल्या कामाची नाहीत.

मग सकाळी सहा ते नऊ आणि दिवे लागायच्या सुमारास, एवढाच वेळ हातात उरला. सकाळी दादाबरोबर केळीच्या बागेत जायचे. बाहेर उन्हाचे चटके सुरू झाले तरी आत ओलसर गारवा असतो. गरम वाऱ्याने पाने फाटू नयेत म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावलेली असते आणि ठिबकच्या नळ्या पायाखाली वळवळत गेलेल्या असतात. निसवलेल्या झाडांवरची जांभळी केळफुले मला दाखवावीशी वाटत, त्याला मात्र वाळलेले पान हवे असे. स्वतःच्या दुप्पट लांबीचे ते पान खरडत-खरडत तो बांधापर्यंत ओढत आणी आणि पुन्हा दुसऱ्याच्या शोधात आत पळे. कापणीच्या दिवशी मजूर खांद्यावर घड घेऊन ट्रकपाशी येऊ लागले, तेव्हा याने आपले पान खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे रांग धरली. “काय नेऊ राह्यला रे बाबू?” असे एकाने विचारले, तर हा गंभीरपणे म्हणाला, “केळी.”

एका दुपारी जळगावला गांधीतीर्थ पाहिले. 2012 मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय मोठे आहे, आत थंडावा आहे, आणि पोराला तिथला मोकळा, गुळगुळीत मार्ग पळायला पसंत पडला. मी दोन दालने धड पाहिली असतील. मेहरूण तलावावरची संध्याकाळ त्याहून सोपी गेली.

पण सगळ्यांवर मात केली ती गावाशेजारच्या रेल्वे फाटकाने. इटारसीकडून आणि नागपूरकडून येणारे मार्ग भुसावळला एकत्र होतात, सुरतेकडचा फाटा जळगावला फुटतो, त्यामुळे मधल्या या पट्ट्यात गाड्यांना खंड म्हणून नसतो. रोज संध्याकाळी आप्पा खांद्यावर रुमाल टाकून नातवाला तिथे नेत. फाटक पडले की मोटारसायकलवाले चुळबुळ करत, शेळ्या खालून निघून जात आणि ही दोघे जण मात्र नाटकाचा पडदा उघडायची वाट पाहावी तशी उभी राहत. मालगाडी आली की आप्पा मोठ्याने डबे मोजत. एकदा 58 झाले. पोराला पाचाच्या पुढचे आकडे येत नाहीत, पण शेवटचा गार्डचा डबा गेला की तो न चुकता “संपली” म्हणे आणि आप्पांच्या तोंडाकडे पाही, जणू पुढची गाडी त्यांच्या खिशातच आहे. आखाजीला लिंबाला झोका बांधला, आजीच्या मांडीवर बसून तोही झोके घेऊन झाला, खापरावरच्या मांड्यांबरोबर रस ओरपून झाला; पण पाच वाजले की याच्या चपला दाराशी तयार.

परतताना भुसावळला गाडीत बसलो. आप्पांनी आदल्या रात्रीच बजावून ठेवले होते की कोणत्या बाजूच्या खिडकीशी बसायचे. फाटक आले, बंद दांड्यापलीकडे उभे असलेले आप्पा दिसले, त्यांनी रुमाल हलवला आणि क्षणात मागे पडले. पोराने हात हलवला, मग खिडकीला नाक लावून रुळांकडे बराच वेळ पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, “आई, गाडी कुठे आहे?”