तुम्ही विचारलंत म्हणून: सर्जन न होणाऱ्या पोरांना सर्जरी कशाला?

हा प्रश्न मला कॉलेजपेक्षा लग्नाच्या पंगतीत जास्त विचारला जातो. 'डॉक्टर, तुमच्या वर्गातली निम्मी पोरं मेडिसिन नाहीतर बालरोग करणार, कुणी स्किन, कुणी रेडिओलॉजी, काही नुसत्या एमबीबीएसवर गावात दवाखाना टाकणार, मग त्यांना हर्निया आणि मूळव्याध घोकायला लावून काय उपयोग?' पोरं तोंडावर असं विचारत नाहीत, पण ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, मागच्या रांगेत मास्क नाकाखाली घेऊन जांभया देत उभी असतात तेव्हा त्यांच्या मनात हेच चाललेलं असतं.

मी खान्देशातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतो. पूर्वी इकडे सरकारी कॉलेज म्हणजे धुळ्याचं, मग 2018 ला जळगावला झालं, 2020 ला नंदुरबारला, त्यामुळे इथेच शिकून इथल्याच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) लागणारी पोरं आता वाढणार. आणि पीएचसीला रात्री दोन वाजता पेशंट येतो तेव्हा तो मेडिसिनचा की सर्जरीचा असं कपाळावर लिहून येत नाही हो. तो 'पोट दुखी ऱ्हायनं' एवढंच म्हणतो. पुढचं सगळं ठरवायचं ते तिथल्या एकट्या पोराने किंवा पोरीने, आणि ते ठरवणं शिकवणं हे माझं काम, असं मी धरून चालतो.

एक मान्य करतो, सर्जन न होणाऱ्याला ऑपरेशन बघून फार काही मिळत नाही, मागून दिसते ती सर्जनची पाठ. म्हणून मी त्यांना ओटीतून लवकर पिटाळतो, कॅज्युअल्टीत आणि ड्रेसिंग रूममध्ये. इंटर्नशिपमध्ये सर्जरीला 6 आठवडे मिळतात, त्यात रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा ओढून धरायचं हत्यार) धरून उभं राहण्यापेक्षा पन्नास पोटांवर हात ठेवलेला बरा. हात ठेवायचीही रीत असते. आधी तळहात चोळून गरम करायचे, जिथे दुखतंय तिथून सगळ्यात लांब सुरुवात करायची, आणि नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. लहान पोर असेल तर हात लावायच्या आधी त्याला म्हणायचं, एक उडी मारून दाखव. हसत हसत दोनतीन उड्या मारल्या तर जरा दम खाऊन विचार करायला वेळ आहे, पण उडी मारायलाच नाही म्हणालं, वाकून पोट धरून बसलं, तर पुढच्या हालचालीला लागा.

आता एक गोष्ट मी दर बॅचला सांगतो आणि दर बॅचला पोरं आधी हसतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, पहाटे अचानक दुखायला लागलं, दोन उलट्या झाल्या, सोबत आजी, आणि आजी सांगते 'त्यानं पोट दुखस'. मुलगा मान खाली घालून गप्प. इंजेक्शन देऊन, अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवायला यापेक्षा सोपा पेशंट नाही. पण पोट मऊ आहे. मग आजीला गोडीत बाहेर बसवायचं, पडदा ओढायचा आणि पँट उतरवून बघायचंच बघायचं, कारण दुखणं अंडाला असतं आणि लाजेने तो पोट म्हणतो. अंडाला पीळ पडला असेल तर एका बाजूचं वर ओढल्यासारखं, आडवं दिसतं, हात लावू देत नाही. पहिल्या 6 तासांत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा अंड वाचतं, त्यानंतर तासागणिक शक्यता कमी होत जाते, आणि आजीने घरी ओवा-हिंग करण्यात त्यातले काही आधीच गेलेले असतात. इथे सोनोग्राफीसाठी सकाळपर्यंत थांबायचं नाही, मोठ्या शहराचाही हट्ट नको, शहादा, शिरपूर, चोपडा, जिथे कुठे सर्जन आणि भूलतज्ज्ञ जागा असेल तिथे पाठवा. हे करायला सर्जन असावं लागत नाही, फक्त पँट उतरवून बघायची सवय लागते. उद्या माझा विद्यार्थी बालरोगतज्ज्ञ झाला काय किंवा त्वचारोगवाला झाला काय, हा मुलगा कधीतरी त्याच्यासमोर येणारच.

याच्या बरोब्बर उलटी गोष्ट सातपुड्यातली. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडचे पेशंट आले की पोटदुखीच्या यादीत सिकलसेल पहिल्या दोनतीनात ठेवा असं मी सांगतो, पुस्तकात तो बराच खाली असतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, आणि भिल्ल, पावरा समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. क्रायसिसमध्ये, म्हणजे या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून दुखण्याचा झटका येतो तेव्हा, पोट इतकं दुखतं की अपेंडिक्स फुटलं असं वाटावं, आणि उगाच पोट उघडलं तर भूल, थंडी, पाण्याची कमतरता या सगळ्याने तो पेशंट अजून बिघडतो. म्हणून विचारायचं, असं आधी कधी दुखलं होतं का, हातपाय, पाठ दुखते का, घरात कुणाला आहे का, तपासणीचं कार्ड आहे का. 2023 पासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम सुरू आहे, त्यामुळे कार्ड असलेले लोक आता भेटतात. पण गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की सिकलसेल असलेल्याला कमी वयात पित्ताचे खडेही होतात आणि अपेंडिक्स तर कुणालाही होतं, म्हणून 'सिकलसेलच आहे' म्हणून सलाईन लावून झोपायचं नाही, दर दोन तासांनी तोच हात, त्याच पोटावर. आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्यायचं, सिकलसेल असो की अपेंडिक्स. वेदना दाबली तर निदान चुकतं असं जुनी मंडळी शिकवायची, नंतरच्या अभ्यासांत तसं काही दिसलं नाही, तरी कळवळणाऱ्या माणसाला 'सर्जन बघेपर्यंत काही द्यायचं नाही' म्हणणारे अजून भेटतात. मला त्याचा भयंकर राग येतो.

टाके मात्र सगळ्यांनी शिकायचे. जळगावकडे केळीला तोटा नाही, सालीवर चीर पाडायची आणि शिवायची, जास्त ओढलं की साल फाटते आणि पोराला आपोआप कळतं की कडा नुसत्या टेकवायच्या असतात, आवळायच्या नसतात. त्याहून महत्त्वाचं कुठे टाका घालायचा नाही ते. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, रेबीजची लस, गरज तशी इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन), आणि शिवायची घाई नाही. कडबाकुट्टीत बोट तुटलं तर तुटलेलं बोट ओल्या गॉजमध्ये, मग प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. लोक बोट थेट बर्फात टाकून आणतात, तसं आणलं की ते जोडायच्या लायकीचं राहत नाही. शुगरवाल्या आबांचे मोजे काढून बोटांच्या बेचक्यात बघायचं, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर आणखी एक मलम न देता बायोप्सीला पाठवायचं, ही यादी लांबवता येईल, पण मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल.

आणि पेशंट पुढे पाठवतानाची चिठ्ठी! आमच्याकडे खालून येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच ओळ, 'रेफर टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट'. म्हणजे काय समजायचं आम्ही? दुखणं किती वाजता सुरू झालं, पाठवताना नाडी आणि बीपी किती, काय दिलं, किती वाजता दिलं, शेवटचं कधी जेवला, लघवी झाली का, एवढं लिहा ना. अल्सर फुटला असा संशय असेल, पोट लाकडासारखं कडक असेल, तर नाकातून नळी, सलाईन, अँटिबायोटिकचा पहिला डोस, तोंडाने काही नाही, आणि मग 108 मध्ये बसवा, घाटातल्या रस्त्याचे दोनअडीच तास फुकट जाता कामा नयेत. फोन पण करा. आम्ही फोनवर कधीकधी खेकसतो, ते मनावर घ्यायचं नाही, पुन्हा करायचा.

म्हणून सर्जरी करणार नाही म्हणणाऱ्या पोराला मी तोंडी परीक्षेत ऑपरेशनच्या पायऱ्या विचारत नाही. कोरा कागद देतो आणि म्हणतो, तू तोरणमाळला आहेस, पेशंट समोर आहे, लिही चिठ्ठी. बाहेरून आलेले परीक्षक हर्नियाच्या जाळ्या किती प्रकारच्या तेही विचारतात, तर ते पान पाठ करून ठेवा, मार्क त्याचेही आहेत.